द्यायचा नसलेला गडी

“गोविंदा तू घे, अन् रुपराव मले देऊन टाक,” भैयाजी मारोतरावांना म्हणाला.

नत्थूजींचा पानाला कात लावणारा हात तसाच थांबला. ठेल्याभोवतीच्या बाकांवरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. भैयाजीला ताप तर नाही ना आला, अशी शंका सगळ्यांनाच आली होती. कारण गोविंदा म्हणजे सक्करदऱ्याच्या मैदानावरचा एक नंबरचा चढाईवाला. तो दम घेऊन मध्यरेषा ओलांडायचा तेव्हा समोरचे गडी आधी देवाचं नाव घ्यायचे. आणि रुपराव? रुपराव त्याच मंडळाचा डाव्या कोपऱ्यावरचा राखीव गडी. राखीव म्हणजे रेषेबाहेर पोत्यावर बसायचं, खेळणाऱ्यांचे सदरे सांभाळायचे आणि कुणाला लागलंच तर पाण्याचा तांब्या घेऊन धावायचं.

हा देण्याघेण्याचा प्रकार काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. नत्थूजींच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी जमणाऱ्या पाच रिकामटेकड्यांनी (हा त्यांच्या बायकांचा शब्द) काही वर्षांपूर्वी एक खेळ काढला होता. नागपुरात कबड्डीची मंडळं पुष्कळ. त्या सगळ्या मंडळांतले गडी मनाने निवडून ज्याने त्याने आपला एक संघ बांधायचा. हा संघ कुठल्याही मैदानावर उतरायचा नाही, तो फक्त ठेल्यावर असायचा. खरे गडी खेळत आपापल्या मंडळाकडून, आणि त्यांच्या चढाया न् पकडी जमा होत त्यांच्या ठेल्यावरच्या मालकाच्या नावे. नत्थूजी ठेल्याच्या फळीवर चुन्याची बोटं ओढून गुण मांडत. एकदा घेतलेला गडी वर्षानुवर्षं तुमचा. सोडायचा असेल, बदलायचा असेल तर दसऱ्याला, सोनं देता-घेता; बोलणी मात्र आठ-दहा दिवस आधीच सुरू होत. जिंकणाऱ्याला काय मिळत असे? काही नाही. वर्षभर मिशीला पीळ देण्याचा अधिकार मिळत असे, आणि तेवढ्यासाठी ही पोक्त माणसं पोरांसारखी भांडत.

त्या पाचांत मारोतराव गिरडकर एक. ठेल्याच्या पलीकडे त्यांचं पंखे आणि मोटारी गुंडाळून देण्याचं दुकान होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून माणूस जेवढा शांत होतो तेवढे ते शांत होते. त्यांच्या ठेल्यावरच्या संघात रुपराव पहिल्या दिवसापासून होता. मैदानावर उतरल्याशिवाय गुण नाही आणि डाव्या कोपऱ्यावर देवराव नावाचा पहाड उभा असेपर्यंत रुपरावला उतरायला मिळत नाही, त्यामुळे रुपरावच्या नावाखालची फळी सहा वर्षं कोरी होती. एखादा धड गडी घ्यायची जागा मारोतरावांनी एका पोत्यावर बसणाऱ्यासाठी अडवून ठेवली, याच्यावर ठेल्याने सहा वर्षं हसून घेतलं होतं. रुपराव त्यांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा होता, त्यांच्याच घरात वाढला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. पण खेळात भाचेबिचे चालत नाहीत, असं नत्थूजींचं मत होतं.

“गोविंदा देऊन राहिला म्हंजे दाल में कुछ काला आहे,” नत्थूजी म्हणाले.

काळंबेरं होतंच. देवरावला भिलाईला नोकरी लागल्याची कुणकुण भैयाजीला सकाळीच लागली होती. देवराव गेला की डावा कोपरा रुपरावचा. मारोतरावांनाही ते कळलं होतं, आणि सहा वर्षांनी आपल्या गड्याला मागणी आली म्हणून त्यांची छाती आत फुगली होती. पण द्यायचं? गोविंदाच काय, अख्ख्या नागपुरातले सगळे चढाईवाले ओळीने उभे केले असते तरी ते रुपरावला देणार नव्हते.

आता ठेल्याची एक रीत होती. मागितलेला गडी ‘देत नाही’ म्हणून तोंडावर सांगायचं नाही. ते कोतेपणाचं समजलं जाई. गडी ठेवायचा असेल तर त्याची भरपूर निंदा करायची, इतकी की मागणाऱ्यानेच मागे सरावं. निंदा जेवढी जहरी, तेवढा गडी जिवाचा, हे सगळ्यांना ठाऊक असे आणि सगळे ती मन लावून ऐकत. मारोतरावांनी पान गालात सरकवलं आणि सुरुवात केली.

“काय करतं गा तू त्याले घेऊन? त्याच्या गुडघ्यात पानी झालं. जिना चढाचा म्हटलं तं हात धरा लागते.”

“गुडघा मी पाहून घेईन.”

“अन् डोये? गडी अंगावर येऊन पडला तरी त्याले दिसत नाही. आळशी तं असा हाय का मिलवाल्यायनं दोनदा काढता काढता ठेवलं. खाते चार जनाचं.”

“खाऊ दे ना बाप्पा.”

“अन् पेते बी,” मारोतरावांनी हुकमाचा एक्का टाकला. “आता भाचा हाय म्हनून आम्ही झाकून ठेवतो. पन तुले कोनत्या तोंडानं देऊ?”

ठेला हसून हसून लोटपोट झाला. भैयाजीने हात जोडले. “जिवाचा हाय गा तुह्या. राहू दे, राहू दे.”

हसला नाही तो एकच माणूस. बाकाच्या टोकाला पांढरी टोपी घातलेला एक परका बसला होता. त्याने एक साधं पान घेतलं होतं, आणि ते चघळत तो मारोतरावांकडे टक लावून बघत होता. मग तो उठला, टोपी नीट केली आणि काही न बोलता चालता झाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं. तो कुहीचा धोंडबा होता, गोपिकाचा सख्खा मामा. रुपराव गोपिकाला पाहून आला होता, दोन्हीकडून पसंती झाली होती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला होता. आणि साक्षगंधाआधी मुलीकडचा कुणीतरी अनोळखी माणूस मुलाच्या मोहल्ल्यात येऊन, पानठेल्यावर बसून, काही न विचारता जे कानावर पडेल ते ऐकून जातो, ही तिकडची जुनी पद्धत. ठेल्यावर माणूस खरं बोलतो, असा लोकांचा समज आहे.

मारोतराव मात्र त्या संध्याकाळी खुशीत घरी गेले. मैदानावरून परतलेला रुपराव मोरीशी पायाची माती धूत होता. रुंद खांद्याचा, बोलायला कमी, अंगात कसलीही घाई नसलेला तो तरुण मिलची पाळी करून रोज मैदानावर जायचा आणि अंधार पडला की यायचा.

“आज तुले भैयाजीनं मांगतलं,” मारोतराव म्हणाले. “गोविंदाच्या बदल्यात!”

“मंग?” रुपरावने वर न बघता विचारलं.

“मंग काय? नाही देल्लं.”

रुपराव पाय धुवायचा थांबला, काहीतरी बोलावंसं त्याला वाटलं असावं. पण तेवढ्यात आतून देवकीमामीने ताट वाढल्याची हाक मारली आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सिंधूताई आल्या. हे लग्न त्यांनीच जुळवलेलं, त्यामुळे एरवी त्या दारातूनच हसत यायच्या. आज त्या ओट्यावर टेकल्या आणि पदराने वारा घेत राहिल्या.

“देवकी, साक्षगंध होत नाही वं,” त्या अखेर म्हणाल्या. “पोरीच्या बापाचा, चंपतरावचा निरोप हाय. पोरगी देत नाही म्हनते ते.”

“काहून? परवापर्यंत तं सारं चांगलं होतं!”

“पोराच्या गुडघ्यात पानी हाय म्हनते. डोये अधू हाय. मिलमधून काढून राहिले. अन्…” सिंधूताईंनी आवाज बारीक केला, “पेते म्हनते.”

देवकीबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. “माह्या रुपरावले? सुपारीच्या खांडाले शिवत नाही माहं लेकरू! कोनं सांगतलं हे? जीभ झडो त्या मेल्याची, किडे पडो त्याच्या तोंडात!”

मारोतराव खाटेवर बसून मोटारीचं एक जळकं वेटोळं सोडत होते. सोडलेली तार ते पुन्हा त्याच वेटोळ्यावर गुंडाळायला लागले.

“सांगनारा बाहेरचा असता तं चंपतरावनं ऐकलं नसतं,” सिंधूताई म्हणाल्या. “पोराच्या सख्ख्या मामानंच सांगतलं म्हनते. ठेल्यावर, चार लोकायसमोर.”

देवकीबाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. मारोतरावांनी मान वर केली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या बाईने नवऱ्याला पुष्कळ ऐकवलं होतं, पण त्या वेळी ती एक शब्द बोलली नाही आणि तेच त्यांना जास्त लागलं. दारात रुपराव उभा होता. तो केव्हा आला होता कोण जाणे. त्याने सगळं ऐकलं होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला, ‘भूक नाही’ म्हणाला आणि मागच्या अंगणात जाऊन बसला.

गोपिका त्याच्या मनात भरली होती. बोलत नसला तरी घरात ते लपलं नव्हतं. कुहीहून आल्यापासून तो दोन वेळा न सांगता दाढी करून मिलमध्ये गेला होता, आणि देवकीबाईंनी ते बरोबर हेरलं होतं. आता ते सगळं आपल्या जिभेच्या चाळ्याने मातीत गेलं, या विचाराने मारोतरावांना स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यावंसं वाटलं. त्यांनी भैयाजीचं दार ठोठावलं आणि सकाळच्या एसटीने माझ्याबरोबर कुहीला चल, एवढंच सांगितलं. भैयाजी मिशीवाला आणि तोंडाळ होता, पण अशा वेळी काहून-बिहून विचारणारा नव्हता.

कुहीला चंपतराव ओसरीतल्या बाजेवर बसले होते. पाहुण्यांना बघून ते उठले नाहीत, पण पाणी मात्र आलं. चहाचं नाव कुणी काढलं नाही. भिंतीला टेकून धोंडबा बसला होता, आणि मारोतरावांनी ती पांढरी टोपी लगेच ओळखली.

“सांगा,” चंपतराव म्हणाले.

सांगणं सोपं नव्हतं. मारोतरावांनी खेळ समजावायला घेतला. भैयाजीने मधे मधे भर घातली, त्यामुळे गोंधळ वाढला. चंपतराव धानाची शेती करणारे सरळ गृहस्थ. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

“म्हंजे खेळते कोन?”

“पोट्टे खेळते, मंडळाचे.”

“अन् तुमी?”

“आमी ठेल्यावर बसतो.”

“तुमचे संघ कोनत्या मैदानावर खेळते?”

“कोनत्याच नाही,” भैयाजी म्हणाला. “ते नुसते असते.”

चंपतरावांनी धोंडबाकडे बघितलं. धोंडबाने, मी नव्हतं का सांगितलं, अशा अर्थाने मान हलवली. शहरातली माणसं बिघडलेली असतात हे त्याला आधीपासून ठाऊक होतं.

“असं धरून चला,” चंपतराव म्हणाले, “का हा खेळ खरा हाय. तरी त्याच्यात आपल्याच पोराले बेवडा म्हनाची काय गरज?”

“तो द्याचा नव्हता म्हनून,” मारोतराव म्हणाले. “आमच्यात जो द्याचा नाही त्याले नावं ठेवा लागते.”

“वा!” इतका वेळ गप्प असलेला धोंडबा आता उसळला. “मी बी मामाच हावो. माह्या भाचीचं कोनी नुसतं नाव काढलं तरी मी दहा वेळा इचार करून बोलतो. अन् तुमी भर चौकात भाच्याची अब्रू काढली, अन् लोकं हासून राहिले! मी माह्या कानानं ऐकलं. तवा तुमी खोटं बोलले, का आता बोलून राहिले, हे आमी कसं समजाचं?”

मारोतराव खाली बघत बसले. धोंडबाचं काहीच चुकलं नव्हतं, त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. एसटीत त्यांनी पुष्कळ शब्द जुळवून ठेवले होते, ते सगळे विरून गेले.

“मले येक सांगा,” चंपतराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. “हा भैयाजी म्हनते, सहा वर्सात त्याच्यानं तुमाले येक गुन नाही भेटला. लोकं हासत होते. मंग तुमी त्याले सोडलं काहून नाही?”

मारोतरावांनी उपरण्याच्या टोकाने तोंड पुसलं. आणि मग जे ठेल्यावर त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

“माही बहीन मेली तवा तो एवढासा होता. आधी त्याच्या काकानं नेलं. वर्सभर ठेवलं अन् पाठवून देल्लं. मंग मोठ्या मामानं, माह्या भावानं नेलं. त्याच्या घरी बी जमलं नाही. तो आमच्याकडे आला तवा आपलं गाठोडं सोडतच नव्हता. उशाले घेऊन झोपे. देवकी म्हने, सोड बाबा, कपडे खुंटीवर ठेव. तो म्हने, राहू द्या मामी, परत बांधा लागन.” ते थांबले. “दोन घरायनं सोडलं त्याले. मामानं आपल्याले संघातून सोडलं, हे त्याच्या कानावर जाऊ नाही द्याचं होतं मले. मालूम हाय, खेळच हाय. पन खेळात बी त्याले सोडाचं नाही. माहा हातच नाही होत.”

धोंडबाने तळहातावर घेतलेला तंबाखू मळायचा राहून गेला. बाहेर रस्त्याने एक बैलगाडी गेली, ती जाईपर्यंत सगळे तिच्याकडे बघत राहिले.

मग आतल्या दारातून गोपिकाची आई, सुभद्राबाई, बोलल्या. त्या इतका वेळ दाराआडच उभ्या होत्या.

“त्याच्या गुडघ्याले काही नाही जी. पाहाले आला होता तवा आपला गोऱ्हा सुटला नव्हता का? तुमी तवा सोयऱ्यायले आनाले गेले होते. गोऱ्हा माह्या अंगावर येऊन राहिला होता. त्या पोरानं असा येका बाजूनं जाऊन त्याचा मांगचा पाय धरला, अन् बसवला खाली. अन् मंग…” त्यांना हसू आलं, “मंग गोऱ्ह्याच्या पायाले हात लावून पाया पडला त्याच्या. गोपिकानं बी पायलं. मी म्हटलं, पेनारा मानूस गोऱ्ह्याची माफी मांगत नाही.”

“हे तू मले सांगतलं नाही,” चंपतराव म्हणाले.

“तुमी इचारलं कवा? तुमी तं धोंडबाले धाडलं.”

भैयाजीने संधी साधली. “आता आलं का ध्यानात? तो कोपऱ्यावरचा गडी हाय बाप्पा! पाय धरला का सोडत नाही!”

धोंडबाला हसू आवरत नव्हतं, पण एकदम हसणं बरं दिसलं नसतं म्हणून त्याने टोपी काढून झटकली. “गोऱ्हा धरला म्हंजे डोये बी ठीक हाय,” तो म्हणाला. तसा तो न्यायाचा माणूस होता.

चंपतराव मारोतरावांकडे वळले. “तुमचं बरं हाय,” ते म्हणाले. “तुमच्या खेळात जीव अडकला तं देत नाही म्हनता येते. आमच्यात तसं नाही. जिवापाड असली तरी पोरगी द्याच लागते.” मग त्यांनी दाराकडे वळून हाक मारली. “च्या ठेवला का नाही वं? मानसं कवाची आली हाय!”

भैयाजीने मारोतरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते जवळजवळ बाजेवरून खाली आले. चहा आला, त्याच्यामागून चिवडा आला, आणि धोंडबाने स्वतः मळलेला तंबाखू मारोतरावांपुढे केला. दोन मामांनी तो एकाच तळहातावरून घेतला. साक्षगंध ठरल्या दिवशीच होणार होता.

परतीच्या एसटीत भैयाजी खिडकीशी बसला होता. बराच वेळ तो बाहेरचं पिवळं पडत चाललेलं धान बघत होता, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं.

“तुले सांगू का,” तो म्हणाला, “देवराव जाऊन राहिला म्हनूनच मी त्याले मांगतलं असं नाही. गोविंदा येवढा मोठा चढाईवाला झाला तो कोनामुळं? रोज संध्याकाळी त्याचा घोटा कोन धरते? तुहा रुपराव. धरते, सोडते, परत धरते. त्याच्या हातातून सुटाले शिकला म्हनून गोविंदा कोनालेच सापडत नाही. आता हे नत्थूजी फळीवर कुठी मांडन?”

“मंग तू आधी कधी बोलला नाही ते?”

“बोललो असतो तं सगळ्यायनंच मांगतला असता,” भैयाजी म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी पोचेपर्यंत तिसरा प्रहर होऊन गेला होता. देवकीबाईंना त्यांचा चेहरा बघूनच कळलं. त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग नवऱ्याला पोटभर ऐकवलं. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या. मारोतराव ऐकत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. कालच्या त्यांच्या गप्प बसण्यापेक्षा हे सोसायला कितीतरी सोपं होतं.

रुपराव मिलमधून आला तेव्हा मारोतराव ओट्यावर वाट बघत बसले होते. “साक्षगंध होते बाबू,” ते म्हणाले. “ठरल्या दिवशीच होते. मी चुकलो. त्याहिच्या घरी कबूल करून आलो, तुह्यासमोर बी करतो.”

रुपराव तसाच ओट्याच्या पायरीवर बसला. त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला, आणि हात काढले तेव्हा तो हसत होता. एवढं मोकळं हसताना मारोतरावांनी त्याला क्वचितच पाहिलं होतं.

“मामी रातभर तुमच्यासंग बोलली नाही,” तो म्हणाला. “मले वाटलं, लग्न तं गेलंच, आता मामा बी जाते.”

दोघंही हसले. मग मारोतरावांना दुसरी बातमी आठवली. तिची त्यांनी सहा वर्षं वाट बघितली होती. “अन् आयक. देवराव भिलाईले चालला. डावा कोपरा तुहा झाला!”

“मालूम हाय. सकाळी मंडळाचे उस्ताद मिलच्या दारावर आले होते, तेच सांगाले.” रुपराव जरा थांबला. “मी नाही म्हटलं, मामा.”

“नाही म्हटलं?”

“बेसा गावचा येक नवा पोट्टा येऊन राहिला. त्याले उभा करा म्हटलं. तो चांगला हाय. माह्यापेक्षा चांगला हाय. देवराव बी होता. मी काही खराब नाही, पन तेवढा नाही. रोज त्याहिच्यासंगच तं खेळतो, मले नाही समजन तं कोनाले समजन? तुमच्या जागी मी असतो तं मी मले कवाच सोडलं असतं.”

“मंग येवढे वर्स मैदानावर गेला काहून?” मारोतरावांचा आवाज चढला होता. “दिवसभर मिल, अन् मंग त्या पोत्यावर जाऊन बसाचं, कोनासाठी?”

रुपरावने त्यांच्याकडे बघितलं. “तुमी ठेवलं होतं ना मले. सारा ठेला हासत होता, तरी ठेवलं होतं. तुमी संघात ठेवाचं अन् मी मैदानावरच नाही, हे कसं दिसलं असतं?”

मारोतराव ओट्यावरच्या फरशीकडे बघत राहिले.

“आता सोडा मले, मामा,” रुपराव हळूच म्हणाला. “मले वाईट नाही वाटनार. मी काही कुठी जाऊन नाही राहिलो.”

एवढं बोलून तो पाय धुवायला आत गेला. मारोतराव बसून राहिले. हा एकदा तरी डाव्या कोपऱ्यावर उभा राहावा म्हणून सहा वर्षं जिवाचा कान करून बसलेला माणूस मी, आता मला दुःख व्हायला हवं, असं ते स्वतःला सांगत होते. पण दुःख होत नव्हतं, हायसंच वाटत होतं. तो खेळला असता, चुकला असता, आणि ठेला त्याच्यावर हसला असता, ही भीती आपल्या मनात एवढी वर्षं होती हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. आणि आणखीही एक गोष्ट होती, तिला काय म्हणावं ते त्यांना सुचत नव्हतं. इतके दिवस ते समजत होते की आपण त्याला धरून ठेवलं आहे.

ठेल्यावर जायची वेळ झाली तेव्हा ते टोपी घ्यायला आत गेले. मधल्या खोलीत चटईवर रुपराव झोपला होता. अंगावर मिलचेच कपडे होते, तोंड किंचित उघडं होतं, हात दोन्हीकडे पसरलेले होते. खिडकीतून अजून ऊन येत होतं आणि मैदानावरून पोरांचा लांबलेला दम ऐकू येत होता. या वेळेला तो घरात आहे आणि झोपला आहे, असं या घरात कधी झालं नव्हतं.

देवकीबाई दाराशी आल्या. “उठवू का जी? मैदानाची वेळ झाली त्याची.”

मारोतरावांनी ओठांवर बोट ठेवलं. ऊन त्याच्या डोळ्यांवर यायला लागलं होतं, म्हणून त्यांनी खिडकीचं एक दार लोटलं. मग चपला हातात घेऊन ते बाहेर आले आणि ओट्यावरून उतरल्यावर पायात घातल्या.